बागकामातली नोकरी आणि विकासात्मक अक्षमता असलेले प्रौढ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील, भावंडं, विशेष शिक्षक आणि रोपवाटिका चालवणारे लोक आम्हाला पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बागेत मन रमतं, शांत वाटतं म्हणून जे करतात, ते हेच का?

नाही. मन शांत व्हावं, हातांची हालचाल सुधारावी म्हणून झाडांचा आधार घेतात तो उपचार. तिथे रोप जगलं काय नि मेलं काय, फारसं बिघडत नाही. इथे बिघडतं. नोकरीच्या प्रशिक्षणात विकण्याजोगं रोप तयार करायचं असतं, वेळेवर कामावर यायचं असतं, कंटाळा आला तरी हातातला क्रेट पुरा करायचा असतो आणि त्याचे पैसे घ्यायचे असतात. उपचारही चांगलाच, पण दोन्हींची गल्लत झाली की माणूस वर्षानुवर्षं ‘छान रमतो’ आणि हाती कसब काहीच येत नाही. एखाद्या केंद्रात चौकशीला जाल तेव्हा गुलाब किती सुंदर फुललेत ते पाहू नका. इथून शिकून गेलेले लोक आज कुठे पगारावर आहेत, ते विचारा.

२. हे प्रशिक्षण नेमकं कोणासाठी? बुद्ध्यांकाची अट असते का?

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता (ऑटिझम), डाऊन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी अशा, वाढीच्या वयातच सुरू झालेल्या आणि पुढे आयुष्यभर राहणाऱ्या अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी. बुद्ध्यांकाचा आकडा प्रमाणपत्रासाठी लागत असेल, बागेत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. कमी बुद्ध्यांकाचा माणूस तासन्‌तास एकसारख्या कुंड्या भरतो आणि जास्त बुद्ध्यांकाचा दहा मिनिटांत उठून जातो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. सुरुवातीला आम्ही वेगळ्याच गोष्टी पाहतो. काही दुखलं, तहान लागली, शौचाला जायचं असलं तर तो कोणत्याही मार्गाने कळवू शकतो का? बोलूनच सांगावं असं नाही, खूण किंवा चित्रकार्डही चालतं. आणि मोकळ्या हवेत थोडा वेळ टिकतो का? बाकीचं शिकवता येतं.

३. आमच्या मुलीला वाचता येत नाही आणि आकडे मोजता येत नाहीत. तिचं कसं होणार?

बहुतेक कामांत मोजण्याची गरज साधनावर ढकलता येते. ९८ खणांचा प्रो-ट्रे (रोपं तयार करायचा खणाखणांचा ट्रे) घ्या: प्रत्येक खणात एक बी, एकही खण रिकामा नको. ट्रे भरला की ९८ बिया मोजून झाल्या, मोजता न येताच. दहा कुंड्यांचा गट हवा असेल तर फळीवर दहा गोल रंगवा. प्रत्येक गोलावर कुंडी बसली की गट पुरा. खताला माप म्हणून एक ठरलेला चमचा, तोही दोरीने त्याच डब्याला बांधलेला. बी किती खोल टोचायचं हे काडीवरच्या लाल पट्टीवरून कळतं. रोपांच्या पाट्यांना नावाऐवजी रंग किंवा फोटो.

ही साधनं बनवायला एक संध्याकाळ पुरते. आकडे शिकवण्यात मात्र वर्षं जातात, आणि तोवर नोकरी थांबून राहते. ‘आधी अंक येऊ देत, मग पाहू’ हा सल्ला आम्हाला म्हणूनच पटत नाही.

४. कोणकोणती कामं शिकवतात?

रोपवाटिकेतलं काम जास्त सोयीचं पडतं, कारण तिथे एकच कृती शेकडो वेळा करायची असते आणि कामाची जागा बदलत नाही. कुंडीत भरायचं मिश्रण चाळणं, पिशव्या-कुंड्या भरणं, बी टोकणं, रोपं मोठ्या कुंडीत हलवणं, फाटे (फांद्यांचे तुकडे) लावणं, पाणी देणं, खुरपणी, वापरलेल्या कुंड्या धुणं, वाळलेली पानं काढणं, माल क्रेटमध्ये भरणं. उद्यान सांभाळण्याच्या कामात झाडलोट, पालापाचोळा गोळा करून खतखड्ड्यात टाकणं, कडा कापणं. कलम बांधणं काहींना फार सुंदर जमतं, पण त्यात धारदार चाकू आणि बारीक निर्णय असल्यामुळे ते पहिल्या टप्प्यात नको. फवारणीविषयी प्रश्न ११ पाहा.

५. एखादं काम प्रत्यक्षात शिकवतात कसं?

सगळं प्रशिक्षण याच प्रश्नावर उभं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

समजा, ट्रेमधलं रोप कुंडीत लावायचं आहे. जाणत्या माळ्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘काय, रोप काढायचं आणि लावायचं.’ प्रशिक्षकाने आधी ते काम स्वतः करून पाहायचं आणि त्याचे तुकडे पाडायचे. थप्पीतून एक कुंडी काढ. समोरच्या चौकटीत ठेव. आतल्या रेघेपर्यंत मिश्रण भर. काडीने मधोमध खड्डा कर. ट्रेचा खण खालून दाबून रोप सैल कर. पानाला धरून उचल. खड्ड्यात ठेव. बाजूने मिश्रण ओढ. दोन बोटांनी दोनदा दाब. कुंडी क्रेटमध्ये ठेव. ‘पानाला धरून’ हे मुद्दाम घातलेलं आहे. कोवळा देठ चिमटला गेला तर रोप गेलंच. पान चुरडलं तर नवं येतं. अनुभवी माळी नकळत तसंच धरतो, त्यामुळे हे सांगायचं त्याच्या लक्षातही येत नाही.

मग हे तुकडे जोडायचे. बऱ्याच जणांना आम्ही शेवटाकडून शिकवतो. आधीचं सगळं प्रशिक्षक करतो, शिकणारा फक्त तयार कुंडी क्रेटमध्ये ठेवतो. ते जमलं की दाबणंही त्याच्याकडे, मग मिश्रण ओढणं, असं मागे मागे सरकत जायचं. यात पहिल्या दिवसापासून प्रत्येक कुंडी त्याच्याच हातून पूर्ण होते.

मदत कशी द्यायची यालाही क्रम आहे. आधी चार-पाच सेकंद गप्प थांबा. नाही जमलं तर वस्तूकडे बोट दाखवा, मग करून दाखवा, आणि अगदी शेवटी हाताला हात लावा. तोही विचारून. तोंडी सूचना आम्ही शक्यतो टाळतो. ऐकायला नवल वाटेल, पण सुटायला सगळ्यात चिवट मदत तीच. ‘आता दाब, आता उचल’ असं सतत बोलत राहिलात तर माणूस रोपाकडे न पाहता तुमच्या आवाजाची वाट पाहायला शिकतो.

ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेत मार्क गोल्ड यांनी १९७०च्या दशकात तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवून दाखवलं होतं. तेव्हा या लोकांना असलं काम कधी जमेल, असं फार थोड्यांना वाटत होतं. शिकणारा अडला तर शिकवण्याची रीत बदलायची, एवढाच त्यांचा आग्रह होता. आम्ही अडलेल्या तुकड्याचे आणखी दोन तुकडे करतो; बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

६. निदान झाडांना पाणी घालणं तरी सोपं असेल ना?

सगळ्यांना तसंच वाटतं, आणि सुरुवातीला हातात झारी देतात. खरं तर ते अवघड कामांपैकी एक. कुंडी भरली की नाही हे डोळ्यांना दिसतं. मातीला पाणी हवं की नको हे दिसत नाही. वरून कोरडी दिसणारी कुंडी आत चिंब असू शकते. जास्त पाण्याने रोपवाटिकेतली कोवळी रोपं मानेपाशी कुजून एका रात्रीत आडवी होतात.

त्यावर उपाय असा. एकाच मापाच्या दोन नमुना कुंड्या ठेवा, एक कोरडी आणि एक नुकतं पाणी दिलेली. शिकणारा दोन्ही हातांत घेऊन वजनातला फरक अनुभवतो. मग रांगेतली कुंडी उचलायची: हलकी, म्हणजे पाणी, जड, म्हणजे पुढची. हे शब्दांत समजावत बसू नका, हातांना कळू द्या. थांबायचं कधी, तर तळाच्या भोकातून पाणी टपकलं की. झारीचं तोंड बारीक छिद्रांचं असावं. बी पेरलेल्या ट्रेवर पाइपची धार कधीच नको, सगळं बी एका कोपऱ्यात जमा होतं. मोठ्या झाडांना कुंडी उचलून पाहता येत नाही, तिथे ठरलेले वार आणि ठरलेलं माप बरं.

७. खुरपायला बसवलं तर तणाबरोबर रोपंही उपटतो. काय करावं?

चूक बहुधा वाफ्याची असते. बी फोकून पेरलं असेल तर तण कोणतं आणि रोप कोणतं हे नवख्या कोणालाही कळणार नाही. दोरी ताणून सरळ ओळीत पेरा. मग नियम एकदम सोपा होतो: ओळीबाहेर जे हिरवं आहे ते काढायचं, ओळीतल्याला हात लावायचा नाही. सुरुवात वाटांवरून आणि मोठ्या झाडांच्या कुंड्यांवरून करा, कारण तिथे चुकायला वावच कमी.

ओळीतलं तण ही पुढची पायरी. ‘आज फक्त हे’ असं म्हणून एकाच तणाचा ताजा नमुना हातात द्या आणि तेवढंच शोधायला सांगा. हरळी आणि लव्हाळा मात्र वरवर उपटून जात नाहीत, जमिनीत काशी (खालून पसरणारे फाटे) आणि गाठी राहतात. तिथे खुरप्याने खालून काढायला वेगळं शिकवावं लागतं. नाहीतर दोन आठवड्यांनी सगळं परत उगवतं आणि ‘याने नीट काम केलं नाही’ हा ठपका बसतो.

८. शिकायला किती महिने लागतात?

महिन्यांत सांगणारा अंदाजे ठोकतो आहे असं समजा. कुंडी भरणं कोणी आठवड्यात उचलतो, कोणाला ऋतू लागतो. आम्ही दोन गोष्टींची नोंद ठेवतो: कामाचे किती तुकडे मदतीशिवाय झाले, आणि तासाला किती कुंड्या पास झाल्या. त्या रोपवाटिकेतला अनुभवी कामगार तासाला किती भरतो तेही लिहायचं, म्हणजे तुलनेला खरा आधार मिळतो. सलग काही दिवस आकडा हलला नाही तर माणसाला दोष न देता तुकडे पुन्हा तपासायचे (प्रश्न ५).

९. केंद्रात उत्तम करतो, नोकरीच्या जागी गेला की काहीच येत नसल्यासारखं वागतो. असं का?

कारण तो ‘कुंडी भरणं’ शिकलेला नाही; त्या टेबलावर, त्या निळ्या डब्यातून, त्या बाईंच्या शेजारी कुंडी भरणं शिकला आहे. एका ठिकाणचं कौशल्य दुसरीकडे आपोआप जात नाही. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांना हे विशेष जाणवतं.

म्हणूनच आधी वर्षानुवर्षं तयारी आणि मग नोकरी, या क्रमापेक्षा आधी नोकरीच्या जागी नेऊन तिथेच शिकवणं जास्त फळतं. सोबत एक कार्यप्रशिक्षक असतो. तो सुरुवातीला पूर्ण वेळ, मग अर्धा दिवस, मग आठवड्यातून एखादा फेरा, असा मागे सरकतो. जाण्यापूर्वी त्याने तिथल्याच एका सहकाऱ्याला मदतीची रीत दाखवून ठेवायची. आमच्या मते हे न करता निघून गेलेल्या प्रशिक्षकाचं काम अर्धवटच राहिलं. केंद्रातच शिकवावं लागत असेल तर निदान कुंड्या, ट्रे, कात्री आणि मिश्रण नोकरीच्या जागचंच वापरा.

१०. फिट येतात, शिवाय औषधं चालू आहेत. बाहेर उन्हात काम झेपेल का?

फिट येतात म्हणून बागकाम बंद, असं नाही. कामाची जागा निवडावी लागते. उघडा हौद, विहीर, शिडी, गवत कापायचं यंत्र आणि एकट्याने करायची कामं टाळा. जमिनीवर किंवा टेबलापाशी, कोणीतरी दिसत राहील अशा ठिकाणी काम द्या. फिट आली तर डोक्याखाली मऊ काही ठेवा, कुशीवर वळवा, वेळ पाहा आणि तोंडात काहीही घालू नका. ५ मिनिटांच्या वर चालली, लागोपाठ दुसरी आली किंवा पाण्यात असताना आली तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. हे सगळ्या सहकाऱ्यांना माहीत हवं, फक्त प्रशिक्षकाला नव्हे.

उन्हाचा मुद्दा लोक विसरतात. फिटांवरची टोपिरामेट आणि झोनिसामाइड ही औषधं घाम कमी करू शकतात, त्यामुळे अंग तापतं पण बाहेरून कळत नाही. लिथियम चालू असेल आणि शरीरातलं पाणी कमी झालं तर रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढू शकते. मनोविकारावरच्या काही औषधांनी उष्णता सोसत नाही किंवा त्वचा उन्हाने लगेच भाजते. काम सुरू करण्यापूर्वी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना ‘हा उन्हात काम करणार आहे’ एवढं स्पष्ट सांगा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. पाणी ‘तहान लागली की’ न देता ठरलेल्या वेळांना द्या. काहींना तहान जाणवते पण ओळखता येत नाही.

डाऊन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. डोक्यावर ओझं देऊ नका. चालण्यात अचानक फरक, मानदुखी किंवा लघवीवरचा ताबा जाणं दिसलं तर काम थांबवून त्याच दिवशी दाखवा.

११. कीटकनाशकं, खतं, विषारी झाडं यांचं काय?

फवारणी शिकाऊंना देऊ नये, यावर आम्ही ठाम आहोत. डब्यावरच्या सूचना वाचून समजणं आणि विषबाधेची पहिली लक्षणं स्वतः ओळखून सांगणं, दोन्ही त्यात लागतं. फवारलेल्या भागात पुन्हा कधी जायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. तोवर दोरी बांधून लाल फडकं लावा. ‘लाल असेल तर आत नाही’ हा नियम सगळ्यांना शिकवता येतो.

कुंडीच्या मिश्रणाची पोती तोंडापासून लांब धरून उघडा आणि आधी ओलवा. त्या धुळीतून न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जातीचे जिवाणू श्वासात जाऊ शकतात. धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घेतलेली असावी. अखाद्य वस्तू तोंडात घालायची सवय असलेला माणूस गटात असेल तर कण्हेर, धोतरा, डिफेनबेकिया ही झाडं त्या जागेतून काढूनच टाका. लक्ष ठेवू म्हणणं पुरेसं नाही.

१२. मातीला हात लावायलाच तयार नाही. मग बागकाम कसं?

हातमोजे देऊन पाहा, पण मोज्यांचा स्पर्शही काहींना सोसत नाही. लांब दांड्याचं फावडं, मिश्रण भरायला डबा, कोरडी कामं (बी पाकिटात भरणं, पाट्या लावणं, क्रेट रचणं) असे बरेच मार्ग आहेत. ओली माती नको असणाऱ्याला कोरडं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चालतं, असंही दिसतं. तरीही नकोच म्हणाला तर प्रश्न १६ वाचा.

१३. मधेच चिडतो किंवा काम टाकून निघून जातो. नोकरी टिकेल का?

आधी कारण शोधा. यंत्राचा आवाज, ऊन, भूक, दातदुखी, किंवा काम कधी संपणार हेच न कळणं. शेवटचं कारण फार वेळा निघतं. ‘अजून थोडंसं’ याला काही अर्थ नसतो. तीन रिकामे क्रेट समोर ठेवा. तिसरा भरला की सुट्टी. आणि ‘थांबायचं आहे’ हे सांगणारं एक कार्ड द्या. कार्ड दाखवलं की खरोखर थांबू द्यायचं, नाहीतर पुढच्या वेळी तो ते कार्डाऐवजी कुंडी फेकून सांगेल.

१४. पगार मिळतो का? की शिकतोय म्हणून फुकटच राबायचं?

संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातलं कलम २७ इतरांच्या बरोबरीने, स्वतः निवडलेलं काम करून उपजीविका मिळवण्याचा हक्क मान्य करतं. त्याच कलमावर संबंधित समितीने २०२२ मध्ये दिलेल्या भाष्यात, फक्त अपंगांसाठीच्या वेगळ्या कार्यशाळांकडून खुल्या नोकऱ्यांकडे वळा, अशी भूमिका आहे. देशोदेशीचे वेतनाचे नियम निराळे असतात, ते तपासून घ्या.

आमची कसोटी साधी. त्याने भरलेली कुंडी विकली जाते, तेच काम तो महिनोन्‌महिने करतो आणि नवीन काहीच शिकवलं जात नाही, तर ते प्रशिक्षण उरलेलं नाही. त्या कामाचे पैसे द्यायला हवेत. प्रशिक्षणाला शेवटची तारीख लेखी मागा. आणि पगार त्याच्या स्वतःच्या हातात किंवा खात्यात पडू द्या, रक्कम कितीही लहान असो.

१५. माझी रोपवाटिका आहे. कामावर घ्यायचं तर मला किती बदल करावे लागतील? हंगाम संपल्यावर काय?

वाटतात त्यापेक्षा कमी. टेबलाची उंची, फोटोंचा तक्ता, अवजारांच्या जागी त्यांच्या आकाराची रेखाटनं, आणि सूचना देणारा एकच माणूस. तीन जणांनी तीन सूचना दिल्या की गोंधळ ठरलेला. वर्षाचा तक्ता मात्र आधीच करा: लावणीचा हंगाम ओसरला की कुंड्या धुणं, मिश्रण तयार करणं, अवजारांना तेल देणं, बी निवडणं. बदलाची खबर आठवडाभर आधी द्या. ‘उद्यापासून दुसरं काम’ हे स्वमग्न कामगाराला नोकरी गेल्यासारखं वाटू शकतं.

१६. आम्हाला बागकाम योग्य वाटतं, पण त्याला ते आवडतच नाही. आग्रह धरावा का?

नको. बागकाम अशा लोकांना शोभतं, हा समज कुठून आला कोण जाणे. काहींना किडे, चिखल, ऊन मनापासून नकोसं असतं, जसं इतर कोणालाही. पण नकार कशाला आहे ते पाहून घ्या. तीन-चार वेगवेगळी कामं प्रत्येकी काही दिवस करू द्या, तोंडी उत्तरावर विसंबू नका (‘आवडतं ना?’ला बरेच जण हो म्हणतात) आणि तो आपणहून कोणत्या कामाकडे जातो ते बघा. कुंड्या मोजून ट्रॉलीवर रचण्यातच रस असेल तर तो गोदामातला माणूस आहे. त्याला तिकडे जाऊ द्या.

१७. बरीच वर्षं उत्तम काम करणारी माझी बहीण आता हळू झाली आहे, पायऱ्या विसरते. तिला डाऊन सिंड्रोम आहे. पुन्हा शिकवावं का?

आधी तपासणी. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉइड मंदावणं, ऐकू कमी येणं, मोतीबिंदू हे सगळं सर्रास आढळतं, आणि यातलं प्रत्येक कारण विसरभोळेपणासारखं दिसू शकतं. त्यावर इलाजही आहे. झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य हेही पाहून घ्या. त्याचबरोबर अल्झायमरचा धोका या लोकांना इतरांपेक्षा खूप लवकर, चाळिशी-पन्नाशीपासूनच असतो, कारण त्याच्याशी जोडलेल्या एका प्रथिनाचं जनुक २१व्या गुणसूत्रावर आहे आणि त्यांच्याकडे त्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते.

तसं निदान झालं तर नवीन कामं शिकवू नका. तिला सगळ्यात जुनं, हातात मुरलेलं काम द्या, कामाची वेळ कमी करा, बसून करता येईल असं पाहा आणि अवजारांची जागा बदलू नका. डॉक्टरांकडे जाताना कामाची जुनी नोंदवही (प्रश्न ८) सोबत न्या. ‘दोन वर्षांपूर्वी तासाला इतक्या कुंड्या, आता इतक्या’ ही नोंद डॉक्टरांच्या खूप कामी येते, कारण तिची तुलना तिच्या स्वतःशीच करायची असते.